यादी वाढवू नका, शब्दाची फोड करा

एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ती मराठी माध्यमातून शिकली, आता नागपुरात खोली करून राहते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करते. इंग्रजीच्या पेपरसाठी तिने उपसर्ग आणि प्रत्ययांची मोठी यादी अर्थांसकट पाठ केली. तरीही उताऱ्यात अनोळखी शब्द आला की गाडी अडते. विरुद्धार्थी शब्द करताना 'अन्' लावायचा, 'इन्' लावायचा की 'डिस्', याचा गोंधळ होतो. रिकाम्या जागेसाठी एकाच शब्दाची चार रूपं पर्याय म्हणून दिली की चारही बरोबर वाटतात. तिनं विचारलंय, यादी अजून वाढवू का?

वाढवू नका. मी बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आहे आणि यादीवर अडलेली मुलं सतत भेटतात. यादीत प्रत्येक तुकड्यापुढे एकच अर्थ लिहिलेला असतो. प्रत्यक्षात तो तुकडा कशाला चिकटलाय यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणजे तुम्ही पाठ केलंत ते चुकीचं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला मराठीतून आधीच येतं, फक्त तुम्ही ते इंग्रजीच्या तासाला वापरत नाही.

१९६९ साली १४ बँकांचं जे झालं, त्याला आपण राष्ट्रीयीकरण म्हणतो. हा शब्द वाचताना तुम्ही कधी यादी आठवली का? राष्ट्र हे नाम. त्याला 'ईय' लागून राष्ट्रीय हे विशेषण झालं. त्याला 'करण' जोडल्यावर 'राष्ट्राच्या मालकीचं करणं' ही प्रक्रिया झाली. आता इंग्रजीकडे बघा. नेशन, नॅशनल, नॅशनलाइझ, नॅशनलायझेशन. पायऱ्या जवळपास त्याच आहेत, एक क्रियापदाची पायरी तेवढी जास्त. उद्योग, औद्योगिक, औद्योगिकीकरण या क्रमासमोर इंडस्ट्री, इंडस्ट्रियल, इंडस्ट्रियलायझेशन ठेवून बघा. खासगीकरण, संगणकीकरण, शहरीकरण हे शब्द तुम्हाला सहज कळतात, कारण 'करण' दिसताच काहीतरी तसं बनवलं जातंय हे लक्षात येतं. इंग्रजीत 'आयझेशन' दिसलं की हेच व्हायला हवं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. इतिहासाचं विशेषण करताना आपण 'इतिहासिक' म्हणत नाही, 'ऐतिहासिक' म्हणतो. प्रत्यय शेवटी लागला, पण बदल शब्दाच्या सुरुवातीला झाला. उद्योगचं औद्योगिक आणि समाजचं सामाजिक याच पद्धतीने होतं. इंग्रजीतही असंच घडतं, फक्त तिथे बोलण्याचा जोर सरकतो. 'हिस्टरी' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'हिस्टॉरिक' म्हणताना तो 'टॉ'वर जातो. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीत दुसऱ्या अक्षरावर आणि फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. 'इक', 'इटी', 'शन' हे प्रत्यय आपल्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर ओढून घेतात. 'नेस', 'फुल', 'लेस', 'ली' मात्र जोराला हात लावत नाहीत. आपल्या मुलांचे उच्चार अडतात ते बहुतेक इथेच. मूळ शब्दाचा उच्चार पक्का केलेला असतो आणि तोच ते लांब रूपालाही लावतात.

आता फोड करण्याची रीत. शब्द डावीकडून वाचत असलात तरी फोड उजवीकडून सुरू करा. म्हणजे आधी प्रत्यय बघा, उपसर्ग नंतर. शब्द वाक्यात कोणतं काम करतोय हे प्रत्यय सांगतो. 'नेस', 'मेंट', 'शन', 'इटी', 'शिप', 'हुड' शेवटी असेल तर बहुतेक नाम. 'फुल', 'लेस', 'इव्ह', 'एबल' असेल तर विशेषण. 'आइझ' आणि 'इफाय' असेल तर क्रियापद. तुमचा रिकाम्या जागांचा प्रश्न निम्मा इथेच सुटतो. हे वाक्य घ्या: 'द ... ऑफ द रोड टुक टू इयर्स.' पर्याय आहेत वाइड, विड्थ, वाइडन आणि वाइडनिंग. 'द' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये नामच बसणार, म्हणून वाइड हे विशेषण गेलं आणि वाइडन हे क्रियापदही गेलं. उरले दोन. रस्त्याच्या रुंदीला दोन वर्षं लागत नाहीत, रुंदीकरणाला लागतात. उत्तर वाइडनिंग. दोन पर्याय प्रत्ययाने गाळले आणि शेवटचा अर्थाने निवडला. या क्रमाने गेलात की चारही पर्याय बरोबर वाटण्याची वेळ येणार नाही.

'ली' या प्रत्ययाकडे जरा थांबून बघा, कारण यादीत त्याच्यापुढे 'क्रियाविशेषण' एवढंच लिहिलेलं असतं. तो विशेषणाला लागला तर क्रियाविशेषण होतं. क्विक विशेषण, क्विकली क्रियाविशेषण. पण नामाला लागला तर विशेषण होतं. फ्रेंड नाम, फ्रेंडली विशेषण. कॉस्टली आणि लव्हली तसेच. म्हणून 'ही स्पोक फ्रेंडली' हे वाक्य शुद्ध इंग्रजीत चालत नाही. तुकडा तोच, पण आधी काय आहे त्यावर काम बदललं. 'हार्डली' आणि 'लेटली' हे दोन शब्द मात्र वेगळे लक्षात ठेवा. हार्डलीचा अर्थ 'कष्टाने' नसून 'जेमतेम, क्वचितच' असा आहे आणि लेटली म्हणजे 'अलीकडे'. परीक्षेत हे दोन हमखास विचारतात.

'अर' आणि 'ई' ही जोडी बँकेच्या चेकवरून शिका. चेकवर दोन तिरक्या रेघांत 'अकाउंट पेयी' लिहितात. पेयर म्हणजे पैसे देणारा आणि पेयी म्हणजे ज्याला पैसे दिले जातात तो. करणारा 'अर', ज्याच्या बाबतीत केलं जातं तो 'ई'. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयी कामावर ठेवला जातो. ट्रेनर आणि ट्रेनीचं तसंच. विम्याच्या अर्जावरचा 'नॉमिनी' हाही याच घरातला, नेमला गेलेला माणूस. 'अर' लावून आपण मात्र एक चूक नेहमी करतो. 'टीच'चा टीचर होतो, मग 'कुक'चा कुकर होईल असं धरून मुलं निबंधात 'माय मदर इज अ गुड कुकर' लिहितात. कुकर हे भांडं आहे, स्वयंपाक करणारी व्यक्ती कुकच. नियम बरोबर असला तरी ती जागा आधीच दुसऱ्या शब्दाने घेतलेली असू शकते, हे ध्यानात ठेवा.

'फुल' आणि 'लेस' या एकमेकांच्या उलट्या आहेत असं यादी सांगते. केअरफुल–केअरलेस, होपफुल–होपलेस इथे ते खरं आहे. पण शेमफुल आणि शेमलेस घ्या. दोन्ही वाईटच. शेमफुल म्हणजे लाजिरवाणं, ते कृत्याबद्दल बोलतात. शेमलेस म्हणजे निर्लज्ज, ते माणसाबद्दल. प्राइसलेस म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, तर ज्याची किंमतच करता येत नाही असं, अनमोल. इथेही मराठी मदतीला आहे. 'अनमोल'मधल्या 'अन'ने मोल काढून घेतलं म्हणून आपण ती वस्तू फुकटची समजत नाही.

'एबल' बहुधा क्रियापदाला लागतो आणि 'तसं करता येण्याजोगं' असा अर्थ देतो. वॉशेबल म्हणजे धुता येण्याजोगं. आपलं 'वाचनीय', 'प्रेक्षणीय' हेच करतं. तिकिटावर आणि पासवर 'नॉन-ट्रान्सफरेबल' लिहिलेलं असतं. ट्रान्सफर, मग ट्रान्सफरेबल, मग नॉन. अशी आतून बाहेर बांधणी ओळखली की लांब शब्दाची भीती राहत नाही. बांधणीचा क्रम किती महत्त्वाचा असतो हे 'अनलॉकेबल' या शब्दात दिसतं. लॉकेबलला 'अन्' लावला तर अर्थ 'कुलूप लावता न येणारं'. अनलॉकला 'एबल' लावला तर 'कुलूप उघडता येणारं'. अक्षरं तीच, पण अर्थ जवळपास उलटे.

असं होतं याचं कारण 'अन्' एक नाही, दोन आहेत. विशेषणाला लागणारा 'अन्' म्हणजे 'नाही': अनहॅपी, अनफेअर. क्रियापदाला लागणारा 'अन्' म्हणजे केलेलं उलटवणं: अनटाय, अनडू, अनलॉक. अनटाय म्हणजे 'न बांधणं' नव्हे, बांधलेलं सोडणं.

'इन्'चंही तसंच आहे, आणि तुमचा खरा गोंधळ इथेच होत असावा. नागपूरकराला रोजचं नाव घेतो: नागपूर सुधार प्रन्यास, इंग्रजीत नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. यादीत 'इम्' म्हणजे 'नाही' असं लिहिलेलं असतं. मग इम्प्रूव्हमेंट म्हणजे कशाचा अभाव? कशाचाच नाही. नकाराचा 'इन्' विशेषणाला लागतो आणि त्या विशेषणापासून झालेल्या नामालाही: इनकरेक्ट, इनव्हिजिबल, इनइक्वॅलिटी. क्रियापदाच्या सुरुवातीला 'इन्' किंवा 'इम्' दिसला, तर तो बहुतेक वेळा नकार नसतो. तो 'आत' किंवा 'कडे' असा असतो: इन्क्लूड, इनहेल, इम्पोर्ट. म्हणून आधी शब्दाची जात बघा, मग 'इन्'चा अर्थ लावा. पेट्रोलच्या टँकरवर पूर्वीपासून 'इन्फ्लेमेबल' लिहीत आले. त्यात 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणं हे क्रियापद आहे, म्हणून त्याचा अर्थ 'सहज पेट घेणारं'. 'न पेटणारं' समजून वागलं तर जीव जाऊ शकतो. या धोक्यामुळेच आता 'फ्लेमेबल' लिहिण्याकडे कल आहे.

'इन्'चं रूप का बदलतं? पी, बी, एम या अक्षरांआधी तो 'इम्' होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉरल. एलआधी 'इल्' होतो: इलीगल, इलॉजिकल. आरआधी 'इर्' होतो: इर्रेग्युलर, इर्रिस्पॉन्सिबल. ही वेगवेगळी चार चिन्हं नाहीत. शाळेत व्यंजनसंधी शिकलात ना, उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख? 'त्' पुढच्या 'ल'सारखा झाला. 'इन्'चा 'न्' पुढच्या अक्षराशी असाच जुळवून घेतो. 'अन्' मात्र कोणापुढेही बदलत नाही: अनप्लेझंट, अनलिमिटेड, अनरिअल.

मग कुठे 'अन्' आणि कुठे 'इन्'? सगळीकडे चालेल असा नियम नाही, पण बऱ्याच ठिकाणी चालतील अशा खुणा आहेत. शेवटी 'एड' किंवा 'इंग' असलेल्या विशेषणाला बहुधा 'अन्': अनएज्युकेटेड, अनइंटरेस्टिंग. 'फुल' असेल तर 'अन्': अनसक्सेसफुल, अनहेल्पफुल. 'एबल' असेल तर बहुतेक 'अन्': अनबिलिव्हेबल, अनअव्हॉइडेबल. 'इबल' असेल तर बहुतेक 'इन्' किंवा त्याचं बदललेलं रूप: इनव्हिजिबल, इनक्रेडिबल, इम्पॉसिबल. शेवटच्या दोन खुणांना अपवाद आहेत, 'इनकेपेबल' हा त्यातला एक. सगळ्यात मजेदार खूण ही: अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी, अनएबल पण इनॅबिलिटी, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. विशेषणाला 'अन्', नामाला 'इन्'. 'अन्' इंग्रजीच्या मूळ जर्मॅनिक घरातला, 'इन्' लॅटिनमधून आलेला. 'इटी'सारखे प्रत्ययही लॅटिनच्याच वाटेने आले, म्हणून शब्द ते रूप घेतो तेव्हा उपसर्गही त्याच घरातला येतो. ही जोडी परीक्षेत फार विचारतात, वहीत वेगळी लिहून ठेवा.

आणि खरं तर 'अन्', 'इन्', ग्रीकमधला 'अ' आणि आपला संस्कृत 'अ' हे सगळे एकाच प्राचीन मुळाचे आहेत. संस्कृतात व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अन्' येतो: अशक्य, पण अनादर. ग्रीकमध्येही हेच होतं. विदर्भात सिकलसेल अ‍ॅनिमिया हा शब्द गावागावांत पोचलाय. त्यातला 'अ‍ॅन' म्हणजे 'नाही' आणि पुढचा भाग रक्ताचा. मराठी माध्यमाच्या मुलांना ही नाती दाखवली की इंग्रजी परकं वाटायचं कमी होतं. म्हणून मी ती पहिल्याच आठवड्यात सांगतो.

'डिस्' आणि 'मिस्' यांत गल्लत करू नका. मिस् म्हणजे चुकीच्या रीतीने, डिस् म्हणजे नाही, दूर किंवा उलट. मिसप्लेस्ड म्हणजे चुकीच्या जागी ठेवलेलं, सापडत नसलेलं. डिसप्लेस्ड म्हणजे आपल्या जागेवरून हलवलेलं. गोसीखुर्द धरण प्रकल्पाच्या इंग्रजी बातमीत गावकऱ्यांसाठी डिसप्लेस्ड येतं आणि मराठी बातमीत 'विस्थापित'. त्यात 'वि' आणि 'डिस्' एकच काम करतात. अनइन्फॉर्म्ड माणसाला माहिती नसते, मिसइन्फॉर्म्ड माणसाला चुकीची माहिती असते. मिसइन्फर्मेशन म्हणजे चुकीची माहिती, डिसइन्फर्मेशन म्हणजे मुद्दाम पसरवलेली खोटी माहिती. तुमच्या निबंधाच्या पेपरमध्ये हा फरक नीट दाखवलात तर परीक्षकाच्या नजरेत भरेल.

फोड फसते कधी? तुकडा काढल्यावर उरलेला भाग जिवंत शब्द नसेल तेव्हा. 'डिस्ट्रिक्ट'मधून डिस् काढा, 'ट्रिक्ट' उरतं, त्याला आजच्या इंग्रजीत अर्थ नाही. 'अंकल'मध्ये अन् नाही. उलट कधी उरलेला भाग जिवंत शब्द असतो, पण त्याचा इथे संबंध नसतो. 'रिपेअर' म्हणजे पुन्हा जोडी नव्हे आणि 'रिलेट' म्हणजे पुन्हा उशीर नव्हे. 'केपेबल'मध्ये टोपीचा 'कॅप' नाही. नीरी या नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पाटीवरचा 'रिसर्च' हा 'पुन्हा शोध' असा सरळ जोडलेला नाही, तो फ्रेंचमधून अख्खा आला. (नीरीच्या नावातला 'एन्व्हायर्नमेंटल' मात्र सुरेख उदाहरण आहे: एन्व्हायर्नमेंट, पुढे अल, म्हणजे पर्यावरणाशी संबंधित.) 'पोर्ट'ही असाच चकवतो. स्टेशनवरचा पोर्टर, ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टेबल यांतला पोर्ट 'वाहून नेणं' या लॅटिन धातूचा आहे. पासपोर्टमधला पोर्ट बंदराचा. म्हणून फोड करून आलेला अर्थ वाक्यात ठेवून बघा. बसला नाही तर हट्ट करू नका, शब्दकोश उघडा.

तुमच्या अवतीभवती सरावाचं साहित्य भरपूर आहे. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर 'इंटरचेंज' लिहिलंय, दोन मार्ग तिथे एकमेकांना मिळतात. 'इंटर' म्हणजे एकमेकांमध्ये, आपल्या 'अंतर'चा सख्खा नातलग. विमानतळाच्या नावात आंतरराष्ट्रीय आणि इंटरनॅशनल शेजारी शेजारी ठेवून तुकडे जुळवा. मिहान या नागपूरच्या विमानतळ आणि मालवाहतूक प्रकल्पाच्या पूर्ण नावात 'मल्टिमोडल' आहे: मल्टि, मोड, अल, म्हणजे वाहतुकीच्या अनेक प्रकारांचं.

धंतोली आणि रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या वाचत एक फेरी मारा. 'ऑलॉजी' म्हणजे शास्त्र: कार्डिऑलॉजी हृदयाचं, न्यूरॉलॉजी मज्जासंस्थेचं. 'आयटिस' म्हणजे दाह किंवा सूज: टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. 'एक्टमी' म्हणजे तो भाग कापून काढणं, उदाहरणार्थ टॉन्सिलेक्टमी. इथे एक जोडी डोळ्यांत तेल घालून वाचायची असते: हायपर आणि हायपो. हायपर म्हणजे जास्त, वर. हायपो म्हणजे कमी, खाली. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाने शरीराचं तापमान धोकादायक वाढतं तो हायपरथर्मिया, थंडीने फार उतरतं तो हायपोथर्मिया. लक्षात ठेवायला सोपं आहे. हायपरचा नातलग संस्कृत 'उपरि' आणि हायपोचा नातलग 'उप'. लॅटिनमधले 'सुपर' आणि 'सब' हेही त्याच दोघांचे भाऊबंद.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. उपसर्ग जोडताना मूळ शब्दाचं अक्षर गळत नाही आणि नवं येतही नाही. म्हणून डिस् आणि अपिअर मिळून एकच एस, पण मिस् आणि स्पेल मिळून डबल एस, अन् आणि नेसेसरी मिळून डबल एन. प्रत्यय जोडताना मात्र मूळ शब्द बदलू शकतो: हॅपीचा वाय हॅपिनेसमध्ये आय होतो. आणि 'फुल' हा प्रत्यय म्हणून आला की त्याला एकच एल, सुटा शब्द असताना दोन.

वहीची मांडणी बदला. एका पानावर एक उपसर्ग आणि त्याखाली वीस शब्द, असं लिहू नका. एका पानावर एक मूळ शब्द घ्या आणि त्याचं अख्खं कुटुंब लिहा. 'ॲक्ट' घ्या: ॲक्टर, ॲक्शन, ॲक्टिव्ह, ॲक्टिव्हिटी, ॲक्टिव्हेट, ॲक्टिव्हिस्ट, इनॲक्टिव्ह, रिॲक्ट, रिॲक्शन. प्रत्येकापुढे नाम, विशेषण की क्रियापद ते लिहा आणि वर्तमानपत्रातलं एक खरं वाक्य उतरवा. सुरुवातीला ॲक्ट, फॉर्म, पोर्ट, स्ट्रक्ट, डिक्ट, स्क्राइब, स्पेक्ट एवढी घराणी पुरेत. यातली 'स्ट्रक्ट', 'डिक्ट', 'स्पेक्ट' ही एकटी वापरात नाहीत, पण कन्स्ट्रक्शन, प्रेडिक्ट, इन्स्पेक्टर यांत ती सारखी भेटतात आणि बहुतेक वेळा आपला मूळ अर्थ घेऊनच येतात: बांधणं, बोलणं, बघणं. वैद्यकीय शब्द सामान्य परीक्षेला फार लागत नाहीत, ते नंतर केले तरी चालतील. 'अन्', 'इन्', 'डिस्', 'मिस्', 'री' हे पाच उपसर्ग आणि वर सांगितलेले प्रत्यय आधी पक्के करा. तुमच्या जुन्या यादीतलं बाकीचं शब्द भेटेल तसं त्या त्या कुटुंबाच्या पानावर लिहीत जा.